एसीला वास येतोय? आधी वेळ बघा

एसीतून वास यायला लागला की बहुतेक घरांत दोन गोष्टी घडतात. कुणीतरी रूम फ्रेशनरचा फवारा मारतं आणि कुणीतरी ‘गॅस भरून घ्यायला झालाय’ असा निकाल देऊन मोकळं होतं. फवाऱ्याने वास दबतो, जात नाही. आणि एसीतला गॅस कमी होण्याचा खोलीतल्या वासाशी संबंध फार क्वचित असतो. मग मेकॅनिक येतो, जाळी धुतो, पैसे घेऊन जातो आणि चार दिवसांत वास पुन्हा हजर.

गोंधळ होतो तो वास कसा आहे याच्यात अडकल्यामुळे. एकाच खोलीत आजीला तो कुबट वाटतो, सुनेला आंबट, आणि ज्याला सर्दी झालीय त्याला येतच नाही. पण तो केव्हा येतो यावर घरात सहसा दुमत नसतं. चालू करताच येतो आणि पाच मिनिटांत जातो का? कॉम्प्रेसर थांबला की वाढतो का? बाथरूमचा एक्झॉस्ट लावला की येतो का? दोन दिवस एवढं टिपून ठेवलं तरी निम्मं निदान घरी बसून होतं. नाकापेक्षा इथे घड्याळ जास्त कामाला येतं.

इथे एसी म्हणताना ‘हॉट अँड कोल्ड’ एसीही धरला आहे, ज्याला परदेशात हीट पंप म्हणतात. साधा एसी खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. हीट पंपात एक जास्तीचा व्हॉल्व्ह असतो आणि तो गॅसची दिशा उलटी करून बाहेरची उष्णता आत आणतो. यंत्र तेच, त्यामुळे वासाची दुखणीही बरीचशी तीच. उष्णतेच्या मोडवर एखाद-दुसरी जास्त, ती पुढे येईलच.

आधी हे तीन वास

काही वासांच्या बाबतीत वेळबिळ बघत बसायचं नाही.

पहिला करपट वास, म्हणजे जळक्या वायरचा किंवा वितळत्या प्लास्टिकचा. एसी रिमोटने बंद करा आणि लगेच एमसीबी खाली ओढा. नुसत्या रिमोटने यंत्रातली वीज जात नाही. प्लग तापलेला असेल तर त्याला हात लावू नका. धूर किंवा ज्वाळा दिसली तर पाणी मारू नका, खोलीतून बाहेर पडा, दार ओढून घ्या आणि 101 किंवा 112 ला फोन करा.

याच वासाचा एक फसवा भाऊ आहे. घरात मासे आणलेले नसताना एसीच्या आसपास मासळीसारखा किंवा लघवीसारखा उग्र दर्प येतो. स्विच आणि सॉकेट ज्या प्लास्टिकचे असतात, ते तापलं की काही वेळा असाच वास सोडतं. लोक बिचारे उंदीर शोधत बसतात आणि इकडे सॉकेट भाजत असतं. म्हणून असा वास आला की एसीपेक्षा आधी स्विचबोर्ड, प्लग आणि स्टॅबिलायझर यांच्याजवळ जाऊन हुंगून बघा. सॉकेटच्या भोकांभोवती पिवळट-तपकिरी डाग दिसला तर एमसीबी पाडा आणि सॉकेट बदलेपर्यंत एसी लावू नका.

दुसरा स्वयंपाकाच्या गॅसचा वास. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळे एसीच्या झोतातून सिलिंडरच्या गॅसचा वास आला तर तो गॅस घरातच कुठेतरी सुटलाय असं समजायचं. या एका प्रसंगी एसी बंद करायलाही जाऊ नका. कुठलंही बटण चालू किंवा बंद करताना ठिणगी पडू शकते. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा. मीटरजवळचा मुख्य स्विच घराबाहेर असेल तर वीज तिथून तोडा आणि बाहेर गेल्यावर 1906 या एलपीजीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. पाइपचा गॅस असेल तर बिलावर छापलेल्या कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर.

तिसरा एसीतल्या गॅसचा. खरं तर आर-32, आर-410ए, जुन्या यंत्रांतला आर-22 या सगळ्यांना जवळजवळ वास नसतो. जाणवला तर तो अगदी हलका, गोडसर, दवाखान्यातल्या औषधासारखा, आणि तोही बऱ्याचदा गॅसबरोबर बाहेर पडलेल्या कॉम्प्रेसरच्या तेलाचा असतो. सोबत थंडावा कमी झालेला असतो, तांब्याच्या पाइपच्या जोडावर तेलकट डाग असतो, कधी हलका ‘सूं’ आवाज येतो. काही एसींत आर-290 भरलेला असतो. हा म्हणजे प्रोपेन, चांगलाच ज्वालाग्राही, आणि सिलिंडरच्या गॅसमध्ये मुद्दाम मिसळतात तसा दर्प यात मिसळलेला नसतो. आर-32 सुद्धा सौम्य ज्वलनशील आहे. तुमच्या एसीत कोणता गॅस आहे ते आउटडोअरवरच्या स्टिकरवर छापलेलं असतं, ते आजच वाचून ठेवा. गळतीचा संशय आला की खिडक्या उघडा, काडी किंवा उदबत्ती पेटवू नका आणि मेकॅनिकला बोलवा.

यांपैकी काहीच नसेल तर सहसा जिवाला तातडीचा धोका नसतो. आता सावकाश शोध घेता येईल.

ओल, धूळ आणि अंधार

थंडाव्याच्या मोडवर इनडोअरमधली कॉइल दहा अंशांच्या आसपास असते. खोलीतली दमट हवा तिला लागली की हवेतलं पाणी कॉइलच्या पत्र्यांवर जमतं, खालच्या ट्रेमध्ये ठिबकतं आणि ड्रेन पाइपने बाहेर जातं. कोकणात किंवा मुंबईत जुलै महिन्यात दीड टनाचा एसी तासाला लिटरभर किंवा त्याहून जास्त पाणी सहज काढतो. जाळीतून निसटलेली बारीक धूळ, केस, त्वचेचे कण, फोडणीचा तेलकट धूर हे सगळं याच ओल्या पत्र्यांवर बसतं. ओल आहे, खायला आहे, ऊन नाही. बुरशी आणि जिवाणूंना आणखी काय पाहिजे? त्यांचा बुळबुळीत थर कॉइलवर, ट्रेमध्ये आणि ब्लोअरच्या पात्यांवर वाढतो. एसीतल्या वासांपैकी सर्वाधिक वास या एका थरातून येतात. बाकीचे ड्रेन पाइपमधून, विजेच्या जोडांतून किंवा बाहेरून आत शिरलेल्या कशातून तरी.

चालू करताच येतो, थोड्या वेळाने जातो

हा नेहमीचा कुबट वास. एसी बंद झाला तेव्हा कॉइल ओली होती, रात्रभर किंवा आठवडाभर ती बंद पेटीत तशीच राहिली आणि चालू करताच पहिल्या झोताबरोबर तो साठलेला वास बाहेर आला. पाणी पुन्हा जमायला लागलं की तो तात्पुरता बसतो, म्हणून लोकांना वाटतं, गेला. तो गेलेला नसतो.

वास नुकताच सुरू झाला असेल तर जाळी धुणं आणि कॉइल वाळवण्याची सवय लावणं एवढ्याने भागतं. वास पाच मिनिटांवरून अर्ध्या तासावर गेला असेल तर थर ब्लोअरपर्यंत पोचलाय, आता जाळी धुऊन उपयोग नाही.

खात्री करून घेणं सोपं आहे. एमसीबी बंद करा, हवा सोडणारी झडप बोटाने हलकेच खाली करा आणि आत टॉर्च मारा. एक लांब, आडवं, पात्यापात्यांचं चक्र दिसेल, तोच ब्लोअर. स्वच्छ असेल तर दोन पात्यांमधली फट मोकळी दिसते. दोन-तीन हंगाम न उघडलेल्या एसीत प्रत्येक पात्याच्या पोटात राखाडी थर दाटलेला असतो, त्यावर काळे ठिपके, आणि झडपेच्या आतल्या बाजूलाही तेच ठिपके. कान कोरायची कापसाची काडी एका पात्यावरून फिरवून बघा. कोरडी धूळ आली तर ठीक, काळं आणि बुळबुळीत आलं तर पूर्ण धुलाई लागणार.

घरात दमा, ॲलर्जी असलेलं कुणी किंवा तान्हं बाळ असेल तर ही धुलाई लांबवू नका. सकाळी उठल्यावर शिंका आणि एसीचा कुबट वास एकाच सुमाराला सुरू झाले असतील तर डॉक्टरांनाही तसं सांगा.

मधूनमधून येतो, कॉम्प्रेसर थांबला की वाढतो

खोली हवी तेवढी थंड झाली की कॉम्प्रेसर थांबतो किंवा मंदावतो, पण पंखा फिरतच राहतो. कॉइल किंचित गरम होते, तिच्यावरचं पाणी पुन्हा हवेत उडतं आणि त्याच्यासोबत पत्र्यांनी धरून ठेवलेले वास सुटतात. सुक्या बोंबलांची चटणी दुपारी झाली आणि बेडरूममध्ये रात्री अकराला तिचा वास आला, तर तो शेजाऱ्यांकडचा नाही, तुमच्याच कॉइलमधला आहे. सिगारेट, धूप, डासांची कॉइल, नव्या फर्निचरचं पॉलिश यांचंही असंच.

उपाय दोन. तळण, फोडणी किंवा धूप चालू असताना एसी बंद आणि त्या खोलीचं दार लावलेलं. हॉल आणि स्वयंपाकघर एकच असलेल्या घरात स्वयंपाक उरकल्यावर खिडक्या उघडून पंधरा मिनिटं हवा बदलू द्या, मग एसी लावा. दुसरा उपाय कॉइल धुण्याचा, कारण तेलकट थर एकदा बसला की तो पुढचे वास आणखी घट्ट धरून ठेवतो.

एक्झॉस्ट किंवा चिमणी लावली की येतो

गटाराचा, सडक्या अंड्यासारखा वास असेल तर पहिला संशयित ड्रेन पाइप. अनेक फ्लॅटमध्ये एसीचा ड्रेन पाइप बाथरूमच्या नहाणीत किंवा थेट सांडपाण्याच्या उभ्या पाइपमध्ये सोडलेला असतो. पाइपचं तोंड गटाराच्या हवेत उघडं असेल तर तीच हवा पाइपमधून उलटी वर चढून इनडोअरमध्ये येते. दारं-खिडक्या बंद असताना बाथरूमचा एक्झॉस्ट किंवा स्वयंपाकघराची चिमणी घरातली हवा बाहेर ओढते. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवीच, आणि तिला हा पाइप सापडतो. कधी इनडोअरमधून गुडगुड आवाजही येतो.

पडताळा असा घ्या. पाइपचं तोंड नहाणीतून काढून एका रिकाम्या बादलीत मोकळं सोडा, बादलीतल्या पाण्यात ते बुडणार नाही हे बघा, आणि दोन दिवस एसी नेहमीसारखा वापरा. वास थांबला तर दोष एसीत नव्हताच. कायमचा उपाय म्हणून पाइपचं तोंड नहाणीच्या जाळीच्या चार बोटं वर मोकळं ठेवायचं. सांडपाण्याच्या पाइपलाच जोडायचं असेल तर मध्ये पाणी धरून ठेवणारा यू आकाराचा वळसा हवा. हिवाळ्यात एसी बंद राहतो तेव्हा हे पाणी वाळतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये एसी पहिल्यांदा लावण्याआधी त्यात थोडं पाणी ओता. कमी वापराच्या बाथरूममधल्या नहाणीतही आठवड्याला तांब्याभर पाणी ओतत जा.

पावसाळ्यात दिवसभर येतो

सतत येणारा कुजट, शेवाळी वास आणि पाइपच्या तोंडातून पाणी जवळजवळ नाही, ही तुंबलेल्या ड्रेनची खूण. मुंबई-रत्नागिरीच्या पावसाळ्यात एसी अर्धा-पाऊण तास चालूनही बाहेर ठिबक नसेल तर पाणी ट्रेमध्ये साचतंय. पुढची पायरी म्हणजे इनडोअरमधून भिंतीवर ओघळ.

पाइप चोंदण्याची कारणं साधी असतात: शेवाळाची गाठ, पाइपला मध्येच आलेली झोळ, तोंडाशी घर केलेली कुंभारीण, किंवा बसवतानाच उतार कमी दिलेला. बाहेरच्या टोकाला व्हॅक्यूम क्लीनर लावून ओढून घेतलं तर बहुतेक वेळा गाठ निघून येते. क्लीनर ओला कचरा चालणारा हवा. एवढ्याने नाही सुटलं तर ट्रे काढून धुणं हे मेकॅनिकचं काम. झोळ असेल तर तिथे क्लिप मारून पाइप सरळ करून घ्या, नाहीतर दर पावसाळ्यात हेच.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात हवा कोरडी असते तेव्हा पाणी मुळातच कमी निघतं, त्यामुळे तिथे मे महिन्यात ठिबक नसणं ही तुंबल्याची खूण नव्हे. पण हॉलमध्ये पाण्याचा कूलर आणि बेडरूममध्ये एसी, आणि मधलं दार सताड उघडं, अशी व्यवस्था असेल तर कूलरची दमट हवा, आणि त्याच्या टाकीचा वास, एसीच्या कॉइलवर जाऊन बसतो.

एसी जोरात चालला की येतो

भर दुपारी, एसी पूर्ण ताकदीने चालू असताना करपट वास येतो आणि रात्री येत नाही. कधी येतो, कधी नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात, पण दुपारी विजेचा प्रवाह सर्वांत जास्त असतो म्हणूनच तो तेव्हा येतो. दीड टनाचा एसी साधारण सात-आठ अँपिअर ओढतो, खूप उन्हात आणखी. एखादा स्क्रू सैल असेल, वायर बारीक असेल किंवा एसी साध्या एक्स्टेन्शन बोर्डवर लावलेला असेल तर तो जोड तासन्‌तास तापत राहतो. एसीला स्वतंत्र लाइन, 16 अँपिअरचं सॉकेट आणि योग्य एमसीबी हवाच. वायरिंग जुनं असेल तर इलेक्ट्रिशियनकडून वायरची जाडी तपासून घ्या. दीड टनासाठी सहसा चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर टाकतात.

सैल जोडानंतर संशय पीसीबी (म्हणजे सर्किट बोर्ड), पंख्याची मोटर आणि आउटडोअरमधला कॅपॅसिटर यांच्यावर. इथे एक खास देशी कारणही असतं. आउटडोअरच्या पीसीबीवर ऊब असते आणि ऊब शोधत पाल आत शिरते. दोन टोकांना एकदम चिकटली की शॉर्ट होतं, पाल जळते, सोबत बोर्ड जातो. बोर्ड बदलताना मेकॅनिकला केबल आत जाण्याची भोकं रबरी बुचाने बंद करायला सांगा. नाहीतर नव्या बोर्डासाठी नवी पाल येतेच.

दिवसागणिक वाढतो

एसी चालू असो की बंद, वास येतोच आणि रोज कालच्यापेक्षा जास्त: काहीतरी मेलंय. बहुधा पाल किंवा उंदराचं पिल्लू, आणि ते आलेलं असतं भिंतीतल्या तांब्याच्या पाइपच्या भोकातून. इनडोअरच्या मागे लपलेलं हे भोक अनेक ठिकाणी पाइपपेक्षा दुप्पट मोठं असतं आणि बसवणारा ते वर्तमानपत्राच्या बोळ्याने बंद करून जातो. आउटडोअर कबुतरांच्या वस्तीत असेल तर विष्ठा आणि घरट्याचा वासही याच भोकातून आत येतो. प्राणी काढून, जागा धुऊन, भोक एसीच्या पुट्टीने किंवा पांढऱ्या सिमेंटने नीट बुजवा. कबुतरांची वाळलेली विष्ठा कोरडी झाडू नका, आधी पाणी मारून ओली करा आणि मास्क लावा. ती धूळ फुफ्फुसांना वाईट.

नवा बसवल्यावर येतो

पहिले काही दिवस नव्या प्लास्टिकचा आणि कॉइलवरच्या कारखान्यातल्या तेलाचा हलका वास येतो आणि आपोआप जातो. भोक सिलिकॉनने बुजवलं असेल तर ते वाळताना व्हिनेगरसारखा वास सोडतं, दोन-तीन दिवसांत तोही संपतो. विजा कडाडल्यानंतर किंवा झेरॉक्सच्या दुकानात येतो तसा तिखट वास सतत येत असेल तर रिमोटवर आयोनायझर चालू आहे का बघा. असेल तर बंद करा. वास गेला तर ते बटण बंदच असू द्या.

उष्णतेच्या मोडवर येतो

नाशिक-पुण्याच्या थंडीत हॉट अँड कोल्ड एसी पहिल्यांदा उष्णतेवर टाकला की कोंदट वासाचा भपकारा येतो. उन्हाळाभर कॉइलवर बसलेला थर गरम झाल्याचा तो वास. कॉइल सुमारे चाळीस-पन्नास अंशांपर्यंतच तापते. एवढ्यात बुरशी मरत नाही, पण धूळही जळत नाही. म्हणून अशा एसीतून उष्णतेच्या मोडवर करपट वास आला तर ‘धूळ जळतेय’ म्हणून सोडून देऊ नका, तो वायरिंगचाच समजा.

अमेरिका-कॅनडात राहणाऱ्यांकडे मात्र बऱ्याचदा घरभर डक्ट असलेला हीट पंप असतो आणि कडाक्याच्या थंडीसाठी त्यात बहुधा विजेच्या तारेचा हीटरही असतो. तो हंगामात पहिल्यांदा लागला की तारेवरची धूळ खरंच जळते आणि थोडा वेळ करपट वास येतो. तो तासाभरात गेला आणि पुन्हा आला नाही तर चिंता नाही. थंडीत आउटडोअरवर जमलेला बर्फ वितळवायला यंत्र काही मिनिटं उलटं चालतं तेव्हा पांढरे ढग निघतात, ती वाफ असते, धूर नव्हे. याच उलटसुलट चालण्यामुळे आतली कॉइल कधी गार, कधी गरम, कधी ओली होत राहते आणि बुरशीला बरं वातावरण मिळतं. तिथले मेकॅनिक या वासाला ‘डर्टी सॉक’, म्हणजे मळक्या मोज्यांचा वास म्हणतात. उपाय तोच, कॉइल धुणं. हीट पंपाच्या जोडीला गॅसची भट्टी असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, कारण त्या वायूला वासच नसतो.

घरी करता येईल ते

एमसीबी बंद करा. पुढचं झाकण उचला, जाळ्या काढा. आधी कोरड्या ब्रशने सुटी धूळ काढा, मग मागच्या बाजूने नळाची धार सोडा, म्हणजे अडकलेली धूळ आली त्या वाटेने बाहेर पडते. पुढून मारली तर ती भोकांत आणखी बसते. तेलकट असेल तर कोमट पाणी आणि भांड्यांचा साबण. उकळतं पाणी नको, जाळी वाकते. सावलीत पूर्ण वाळल्याशिवाय परत लावू नका, ओली जाळी स्वतःच कुबटते. हंगामात हे दर दोन आठवड्यांनी करा, रस्त्यालगतचं घर असेल किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तर दर आठवड्याला. कोळशाची किंवा इतर खास जाळी असेल तर माहितीपत्रक बघा, सगळ्या जाळ्या धुवायच्या नसतात.

जाळ्या बाहेर असताना कॉइलवर टॉर्च मारा. पत्रे मऊ ब्रशने फक्त वरून खाली झाडा, आडवा ब्रश फिरवला की ते दुमडतात. बाजारात कॉइल धुण्याचा फोम मिळतो. वापरायचा तर डब्यावरच्या सूचना वाचून, खिडकी उघडून, आणि विजेच्या भागाकडे अजिबात न जाऊ देता. ब्लोअरला घरी हात घालू नका.

काही गोष्टी मात्र करूच नका. कॉइलवर ब्लीच किंवा फिनेल मारू नका, ॲल्युमिनिअम खराब होतं आणि तो वास फुप्फुसात जातो. ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र तर कधीच नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. जाळीला कापराच्या किंवा डांबराच्या गोळ्या बांधण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते. त्याने एक वास दुसऱ्यावर चढतो, आणि कापूर विजेच्या यंत्राजवळ ठेवण्याची वस्तू नव्हे. डिओ आणि झुरळांच्या स्प्रेमधला गॅस पेट घेणारा असतो, त्यांचा फवारा चालू एसीत मारू नका.

मेकॅनिक आला की

साधी सर्व्हिस म्हणजे जाळी आणि कॉइलची पुढची बाजू. वासासाठी बोलावलं असेल तर तेवढ्याने भागत नाही. फोनवरच स्पष्ट सांगा: ब्लोअर, ट्रे आणि ड्रेन पाइपसकट जेट सर्व्हिस हवी. इनडोअरखाली पाणी गोळा करणारी पिशवी बांधून आणि पीसीबी झाकूनच पाण्याचा जेट पंप लावायला हवा. धुऊन झाल्यावर पिशवीतलं पाणी बघा. पहिल्यांदा काळं येतं. शेवटचं पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत काम संपलेलं नाही.

‘गॅस कमी आहे’ असं ऐकलं तर एकच प्रश्न विचारा: गेला कुठून? गॅस गाडीच्या पेट्रोलसारखा संपत नाही. बंद नळीत तो वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. कमी झाला असेल तर भोक आहे, आणि आधी ते साबणाच्या फेसाने किंवा नायट्रोजनचा दाब देऊन शोधायचं, दुरुस्त करायचं, मग गॅस भरायचा. आर-290 आणि आर-32 च्या यंत्रावर ते काम येणाराच माणूस घ्या. नाल्याच्या किंवा खाडीच्या कडेला राहणाऱ्यांच्या कॉइलला वारंवार बारीक भोकं पडतात, कारण सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड तांबं खातो. तिथे दर वर्षी गॅस भरत बसण्यापेक्षा संरक्षक थर दिलेली नवी कॉइल टाकणं शहाणपणाचं.

वाळवा म्हणजे वाचाल

एवढ्या सगळ्यातून एकच सवय लावायची असेल तर ती बंद करण्याआधी कॉइल वाळवण्याची. सकाळी उठल्यावर एसी थेट बंद न करता पंधरा-वीस मिनिटं फक्त पंख्याच्या मोडवर ठेवा आणि खिडकी उघडा. हॉट अँड कोल्ड असेल तर पावसाळ्यात तेवढा वेळ उष्णतेवर चालवा, कॉइल आणखी लवकर वाळते. ‘सेल्फ क्लीन’ किंवा ‘ऑटो क्लीन’ असं बटण असेल तर तेही हेच करतं, काही यंत्रांत आधी बर्फ जमवून मग वितळवतं. त्याने नवा थर बसत नाही, जुना निघत नाही. म्हणून ते धुलाईनंतर सुरू करा, धुलाईऐवजी नव्हे. हंगाम संपताना, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जाळी धुऊन आणि तासभर नुसता पंखा चालवून एसी बंद केला तर मार्चमधला पहिला दिवस बिनवासाचा जातो.

आणि तरीही मेकॅनिकला फोन करायची वेळ आलीच, तर ‘वास येतो’ एवढ्यावर थांबू नका. असं सांगा: “वास कॉम्प्रेसर थांबल्यावर येतो, गेला आठवडाभर. जाळी रविवारी धुतलीय. ड्रेनमधून पाणी व्यवस्थित पडतंय. प्लग तापत नाही. गॅस आर-32.” एवढं ऐकलेला माणूस येताना जेटचा पंप घेऊन येतो, गॅसचा सिलिंडर नव्हे, आणि तुमचा एक फेरा आणि एक बिल वाचतं.